शालूताईंची पाच मिनिटं

शालूताई भोयर आमच्या गाळ्यात पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी कशालाही हात लावला नाही. खांद्यावरची खाकी पिशवी खाली ठेवली, भिंतीवरच्या विजेच्या पेटीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मेन बंद करा." मी बंद केलं. मग त्यांनी पिशवीतून पट्टा तुटलेलं एक पुरुषी मनगटी घड्याळ काढून पेटीवर ठेवलं, कोपऱ्यातलं हिरवं प्लास्टिकचं स्टूल पुढे ओढलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, दम खात असतील. साठीच्या आसपासची ठेंगणी बाई, आळंदी रोडवरून भर उन्हात चालत आलेली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झालं तरी बाई उठेनात.

"आणखी काही हवंय का?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे 'आता उठा' असा.

"पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "बसा न वैनी तुमीबी."

रिकामं बसणं हा माझा प्रांतच नव्हे. गॅसवर दूध ठेवलं तर ते वर येईपर्यंत मी दोन भांडी विसळून घेते. पीएमटीच्या थांब्यावर उभी राहिले तर बस येईपर्यंत पुढच्या थांब्याकडे चालायला लागते आणि मधेच बस निघून जाते. अशा बाईला कुणी पाच मिनिटं नुसतं बसा म्हणणं ही शिक्षा होती. त्यात ते दिवस असे होते, की मला रात्री अंथरुणातही घाई असायची.

झालं होतं असं. आमच्या यांची भोसरीची कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं होतं. सव्वीस वर्षं तिथे सुपरवायझर होते. पहिले काही महिने अर्ज केले, मग पेपर वाचायला लागले, मग पेपर नुसता हातात धरायला लागले. मुळात कमी बोलणारा माणूस, तो आता मीठसुद्धा हात करून मागायचा. बसून राहिला तर हा माणूस कायमचा बसेल, अशी मला धास्ती पडली होती. म्हणून विश्रांतवाडीतल्या आमच्या इमारतीखालचा गाळा मी भाड्याने घेतला आणि मंडईजवळच्या एका मसालेवाल्याने धंदा आवरला होता, त्याचं मिरची कांडपाचं जुनं यंत्र आणलं. दोन लोखंडी मुसळं, खाली दोन उखळं आणि वर दोन हॉर्सपॉवरची मोटर. मला मसाले कळतात आणि यांना यंत्रं कळतात. होळी झाली की बायका मिरच्या वाळवायला काढतात. तेवढ्या दिवसांत यंत्र सुरू झालं तर झालं, नाहीतर वर्षभर त्यावर गोधड्या वाळत घालायच्या.

यंत्र गाळ्यात आल्यावर कळलं, की मोटर थ्री-फेजची आहे. आमच्या गाळ्यात वीज घरच्यासारखी, सिंगल-फेज. अर्ज केला. उत्तर मिळालं, की तुमच्या गल्लीत थ्री-फेज आणायची तर नवीन केबल टाकावी लागेल, केबलसाठी रस्ता खणावा लागेल आणि रस्ता नुकताच केलाय. नुकताच केलेला रस्ता पुण्यात खणत नाहीत, हे मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग कुणीतरी सांगितलं, की ड्राइव्ह नावाची एक पेटी मिळते. तिला एका बाजूने घरची साधी वीज द्यायची, दुसऱ्या बाजूने मोटरला लागते तशी तीन तारांची वीज बाहेर येते. मंडईमागच्या इलेक्ट्रिकच्या गल्लीतून मी ती आणली. यांनी न बोलता भिंतीवर बसवली, तारा जोडल्या आणि मला म्हणाले, "बटण तू दाब." मला वाटलं, मालकीणबाईंचा मान राखतायत. मी दाबलं. मुसळं निम्मी वर आली, थरथरली आणि तिथेच थांबली. पेटीवर काहीतरी लाल अक्षरं आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"मी म्हटलं होतं, नाही जमायचं," हे म्हणाले आणि पेपर घेऊन बसले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते निराशेपेक्षा वाईट होतं. सुटका झाल्यासारखं दिसलं. मी संतापले आणि घाबरलेही.

पेटी घेऊन मी तडक दुकानात गेले. दुकानदाराने ती लावून बघितली आणि म्हणाला, "पेटी उत्तम आहे. लावणारा बदलून बघा." मग जरा दया आली असावी. "विश्रांतवाडीत राहता ना? मग भोयरबाईंना बोलवा. मोटर कंपनीत तीस वर्षं तारा गुंडाळायच्या कामावर, वाइंडिंगला होत्या."

तर त्या ह्या भोयरबाई, स्टुलावर बसलेल्या. हे त्यांच्या समोर पोत्यावर बसले होते, पेपर हातात. पेटी पुन्हा भिंतीवर चढली होती आणि बाई यायच्या आधी मी सात-आठ वेळा बटण दाबून बघितलं होतं.

"मेन बंद केलाय, पेटीवरचा दिवा विझलाय, आता कशाला थांबायचं?" मी म्हणाले.

"दिवा विझला म्हून वीज गेली असं नसते जी," शालूताई म्हणाल्या. "असं पाहा. तुमच्या घरी नळ एक हाय. तो टाकीत पडते. टाकीला खाली तीन तोट्या काढल्या, आळीपाळीनं उघडल्या, की तीन धारा. ही पेटी म्हंजे ती टाकी. आता तुमी वरचा नळ बंद केला. टाकी रिकामी झाली काय?"

थ्री-फेज, सिंगल-फेज, ड्राइव्ह असं जे मला पंधरा दिवस चार जण समजावत होते, ते या बाईने पाण्याच्या टाकीत उरकलं होतं.

"पाच मिनिटांत ते आपोआप उतरते. तोवर बसाचं," असं म्हणून त्या यांच्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी कोनत्या कंपनीत?"

"होतो," हे म्हणाले.

"बंद पडली?"

"दीड वर्ष झालं."

इथे कुणीही पुण्याचा माणूस 'अरेरे, काय दिवस आलेत' म्हणाला असता आणि विषय संपला असता. शालूताई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "मंग शेवटच्या दिशी मशिना कोनी बंद केल्या?"

मला हा प्रश्न विचित्र वाटला. यांनी पेपर खाली ठेवला.

"मी," ते म्हणाले. "बावीस होत्या. साहेबांनी सांगितलं, तुम्हीच करा. एकेक करत शेवटपर्यंत गेलो. सगळी माणसं दारात उभी राहून बघत होती. शेवटची बंद झाल्यावर मशीनशॉपमध्ये जी शांतता झाली ना..." थोडं थांबून म्हणाले, "तेव्हापासून बटणाला हात लावायला नको वाटतं."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. कंपनीच्या त्या शेवटच्या शनिवारी हे घरी आले, तेव्हा मी त्यांना 'पोळ्या गरम आहेत तोवर बसा' म्हणाले होते. मी विचारलंच नव्हतं. आणि बटण तू दाब म्हणाले, तो मान नव्हता हे मला दीड वर्षाने, एका परक्या बाईसमोर कळलं. मला रडू येत होतं, पण गाळ्यात मिरची असल्याचा एक फायदा असतो.

"झाली पाच," शालूताई उठल्या. मोटरच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पाटी असते, तिच्यावर वर्षानुवर्षांचा मसाला बसला होता. त्यांनी माझ्याकडून ओलं फडकं मागून ती पुसली आणि एकेक आकडा यांना मोठ्याने वाचून दाखवला. एका ओळीपाशी आल्यावर हे उठून जवळ गेले. स्वतः वाचलं. "अरे!" म्हणाले.

यांनी मला नंतर समजावलं ते असं. मोटरच्या झाकणाखाली तीन पितळी पट्ट्या असतात. थ्री-फेज वीज असेल तर या मोटरला त्या आडव्या लागतात, पण सिंगल-फेजवरून चालणाऱ्या पेटीतून वीज कमी दाबाची येते, तेव्हा त्याच पट्ट्या उभ्या जोडाव्या लागतात. नाहीतर मोटर अर्धपोटी राहते आणि मुसळ उचलत नाही. यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कंपनीत सव्वीस वर्षं त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला बजावलं होतं, की मोटरच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, त्या जशा आल्या तशाच राहू द्यायच्या. तिथे तो नियम बरोबरच होता. ती सवय हे आपल्यासोबत गाळ्यात घेऊन आले होते.

दुसरा कुणी असता तर चूक दाखवून मोकळा झाला असता. शालूताईंनी पाना पिशवीतून काढून यांच्या हातात दिला आणि स्वतः पुन्हा स्टुलावर बसल्या. "माझे दोन बोटं बहिरे हायेत भाऊ. पट्ट्या तुमीच उभ्या करा."

यांनी पट्ट्या फिरवल्या, झाकण लावलं, मेन चालू केला. मी सवयीने पुढे झाले तर शालूताईंनी माझा पदर धरला. हे पेटीसमोर उभे राहिले. उभेच राहिले. माझा जीव नुसता वरखाली होत होता आणि ती बाई पदर सोडेना. शेवटी यांनी बटण दाबलं. मुसळं सावकाश वर आली, सावकाश खाली गेली, मग हळूहळू त्यांना लय सापडली आणि सगळा गाळा दणदणायला लागला. यांचा हात पेटीवरच होता. "चालली," ते म्हणाले. एवढंच. पण त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ तोंडाने मागितलं.

पुढे सहा वर्षं शालूताई आमच्याकडे येत राहिल्या. मूळच्या यवतमाळकडच्या. नवऱ्याला कंपनीत काम मिळालं म्हणून पुण्याला आल्या, नवरा लवकर गेला, मग त्याच कंपनीत वाइंडिंगला लागल्या. मुलगी वर्ध्याला दिलेली. ती दर दिवाळीला 'आता इकडे ये' म्हणायची आणि ह्या दर दिवाळीला 'येते न' म्हणून इथेच राहायच्या. चाळीसेक वर्षं पुण्यात काढूनही त्यांनी भाषा बदलली नाही. "तुमची भाषा लय चांगली हाय," त्या मला म्हणायच्या, "पन तिच्यात कोनाले या म्हटलं तरी जा म्हटल्यावानी वाटते." मला हे बोलण्याची हिंमत आमच्या सासूबाईंनीही केली नव्हती.

ड्राइव्हची पेटी त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात गाळ्यातून काढून भिंतीपलीकडच्या बोळात लावायला लावली. पेटीत एक छोटा पंखा असतो, तो मिरचीची धूळ आत ओढतो. "तिलेबी झोंबते न वैनी. तिले शिंकता येत नाई, एवढाच फरक." दर रविवारी पेटी उघडून मऊ ब्रशने साफ करायची, असा त्यांचा दंडक होता. आणि उघडण्याआधी पाच मिनिटं.

बोटांचं मी एकदा विचारलं. टेस्टिंगला एक पेटी बंद केली आणि लगेच उघडली, असं त्यांनी सांगितलं. "काहून म्हंता? कंपनीची बस सुटत होती."

"मग मिळाली का बस?" मी विचारलं.

"मिळाली न. तिच्यातच टाकून दवाखान्यात नेलं मले."

हसल्या आणि दोन्ही बोटं माझ्यासमोर धरली. वरून नखाएवढा पांढरा डाग, बाकी काही नाही. पण त्या बोटांना गरम-गार कळत नसे. चहाचा कप त्या नेहमी डाव्या हाताने घ्यायच्या.

लोक त्यांना लांबलांबून बोलवायचे. पिठाच्या छोट्या गिरण्या, रसाची गुऱ्हाळं, लाकडाचं काम करणारे हौशी लोक. हे त्यांच्याबरोबर जायला लागले आणि वर्षभरात निम्मी कामं स्वतःच करायला लागले. घरी आल्यावर मला सगळं सांगायचे, हेच मला मोठं नवल होतं. एका आयटीतल्या मुलाने घरी लाकूड कातायचं यंत्र आणलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, व्हिडिओत तर फक्त एक कपॅसिटर लावून मोटर रन केली होती. ड्राइव्हची गरजच नाही." शालूताई म्हणाल्या, "चालते न. त्या मोटरचं म्होरं काय झालं, तेबी दाखवलं काय व्हिडिओत?" मग मेन बंद करून बसल्या. त्या पाच मिनिटांत त्या मुलाने म्हणे त्यांना सांगितलं, की त्याला नोकरी सोडायची आहे आणि हे त्याच्या बायकोला अजून माहीत नाही. शालूताईंनी कुणाला सल्ला दिल्याचं मला आठवत नाही. त्या एखादा प्रश्न विचारायच्या आणि घड्याळाकडे बघायच्या. समोर वीज उतरत असायची, तेवढ्यात माणूसही आपोआप बोलायला लागायचा.

मी मात्र तशीच राहिले. रविवारी हे दोघं पेटीसमोर बसले, की मी तेवढ्यात चाळण्या धुऊन घ्यायची. "वैनीची टाकी काही रिकामी होत नाई," त्या यांना म्हणायच्या. मला ऐकू जाईल अशा बेताने.

गेल्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्या आल्या. हे ब्याडगी मिरची आणायला बाजारात गेले होते. गाळ्यासमोर बायकांची रांग पार रिक्षास्टँडपर्यंत होती. शालूताईंच्या खांद्यावर पिशवी नव्हती, हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

"वैनी, पाच मिनिटं बंद करता काय?"

"का? ड्राइव्ह तापला का?"

"नाई. ड्राइव्ह बरा हाय."

"मग शालूताई, संध्याकाळी या ना निवांत. बघताय ना रांग?"

त्यांनी रांगेकडे बघितलं. "हो न. मोठी हाय. चांगलं हाय," म्हणाल्या. बोळात जाऊन पेटीवर कान ठेवून आल्या. थोडा वेळ बाहेर स्टुलावर बसल्या. मी उखळात हात घालून मसाला वरखाली करत होते. मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं. मला आठवतंय, मला जरा हायसं वाटलं होतं. लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी त्या आल्या नाहीत. मी यांना म्हणाले, "शालूताई येऊन गेल्या, रविवारी बसू म्हणावं." शुक्रवारी वर्ध्याच्या मुलीचा फोन आला. गुरुवारी पहाटे झोपेतच गेल्या होत्या.

मुलगी घर आवरायला आली होती, ती पिशवी घेऊन आमच्याकडे आली. पाने, टेस्टर, मऊ ब्रश आणि ते घड्याळ. नोकरीला वीस वर्षं झाल्याबद्दल कंपनीने दिलेलं. सगळ्यांना सारखीच दिली, म्हणून पुरुषी. "आईनं शेवटी हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात वर्ध्याला येणार होती. पिशवी भाऊंना द्यायची, हे तिनं फोनवर सांगितलं होतं. तुम्हाला बोलली असेल ना?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलले.

त्या मंगळवारी त्या तेच सांगायला आल्या असतील. किंवा छातीत दुखत असेल. किंवा सहा वर्षं ज्या बाईने आपल्यासोबत एकदाही बसून घेतलं नाही, वर्ध्याला जायच्या आधी एकदा तिच्याजवळ नुसतं बसावं, असंही वाटलं असेल. जगाला पाच-पाच मिनिटं वाटत गेलेल्या बाईने माझ्याकडे एकदाच ती मागितली आणि मी तिला रांग दाखवली. याला काही इलाज नाही. मी तो शोधतही नाही.

आता लोकांकडे हे जातात, तीच खाकी पिशवी घेऊन. परवा रविवारी दुपारी आमची पेटी साफ करायची होती. यांनी मेन बंद केला, घड्याळ पेटीवर ठेवलं. दिवा विझला. मी चाळण्या तशाच टाकल्या आणि हिरवं स्टूल ओढून यांच्याशेजारी बसले. बोळात बाहेरून कुणीतरी विचारलं, "काकू, लाइट गेली का?" मी नाही म्हणाले. यांनी मला विचारलं, शालूताई त्या दिवशी नक्की काय म्हणाल्या होत्या. मी आजवर कुणालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. हायसं वाटलं होतं तेसुद्धा. हे घड्याळाकडे बघत राहिले.

"झाली पाच," थोड्या वेळाने हे म्हणाले आणि उठायला लागले.

मी त्यांची बाही धरली. "थांबा हो," मी म्हणाले, "अजून थोडं बसू."